किल्लीतला शिक्का

तंजावरहून तिरुवैयारुला जाताना वाटेत एकामागून एक नद्यांचे पूल लागतात. ‘तिरु’ म्हणजे श्री, ‘ऐ’ म्हणजे पाच आणि ‘आरु’ म्हणजे नदी. गावाचे नाव असे पाच नद्यांवरून पडले आहे. येथे कावेरीच्या काठी त्यागराजांची समाधी आहे. १८४७ साली ते निवर्तले, त्या वेळी तंजावरच्या गादीवर भोसले राजे होते. दर वर्षी पौष वद्य पंचमीला त्यांच्या आराधनेसाठी दूरदूरचे गायक-वादक येथे जमतात, आणि तंजावरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतील मंडळीही त्या गर्दीत असतात.

अशाच एका घरी मी आराधनेसाठी उतरलो होतो. यजमानांच्या भाच्याने मोठ्या इंजिनाची एक जुनी जपानी मोटारसायकल विकत घेतली होती. तीवरून तो तिरुवैयारुला गेला, घाटावर हातपाय धुतले आणि परत येऊन पाहतो तो खिशात किल्ली नाही! ती नदीत पडली की गर्दीत कोणी उचलली, हे कळावयास मार्ग नव्हता. घरून दुसरी किल्ली मागवून त्याने गाडी परत आणली, आणि दुसऱ्या दिवशी बाजारातल्या किल्लीवाल्याकडून तिच्याबरहुकूम नवी किल्ली करून घेतली. कुलूप फिरले, दिवे लागले. इंजिन मात्र काही केल्या सुरू होईना. किल्लीवाल्याचा हात चुकला असे सर्वांना वाटले. वस्तुतः त्याने आपले काम चोख केले होते.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी राज्यातील मोडी कागद जपून ठेवले आहेत. मराठेशाहीतील राजपत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि अखेरीस मोर्तब असे. अक्षर हुबेहूब साधले, तरी शिक्क्यावाचून पत्राला अधिकार येत नसे. आजच्या गाडीच्या किल्लीचेही तसेच आहे. पात्यावरचे दाते हे तिचे अक्षर. शिक्का असतो तो मुठीत दडलेला.

या मुठीत एक सूक्ष्म चिप आणि केसासारख्या तारेचे वेटोळे असते. बॅटरी मात्र नसते. कुलपाच्या तोंडाभोवतीही तारेचे एक कडे बसविलेले असते. किल्ली फिरविताच त्या कड्यात सुमारे १२५ किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला सव्वा लाख आंदोलनांचा, विद्युत्प्रवाह खेळू लागतो. त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे किल्लीतील वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. १८३१ साली फॅरडेने दाखविलेले हेच ते प्रवर्तनाचे तत्त्व. एवढ्याशा विजेवर चिप जागी होते आणि आपला संकेत सांगते. इमोबिलायझर नावाचे यंत्र तो आपल्या नोंदीशी ताडून पाहते. मेळ बसला तर ते इंजिनाच्या संगणकाला तसे कळविते; मगच तो संगणक पेट्रोलची फवार आणि प्लगची ठिणगी सुरू करतो. मेळ न बसल्यास गाडी जागच्या जागी राहते. कुलपामागच्या दोन तारा जोडून गाडी पळविण्याची जुनी युक्ती येथे चालत नाही ती यामुळेच.

आरंभीच्या किल्ल्या एकच ठरीव संकेत सांगत. पुढे यंत्र दर वेळी नवा प्रश्न विचारू लागले आणि किल्ली आपल्या गुप्त सूत्राने त्याचे उत्तर देऊ लागली; त्यामुळे मधल्यामध्ये ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना हे साधन सक्तीचे झाले.

तेव्हा नव्या किल्लीची कानस झाली तरी नोंद व्हावयाची राहते. यामाहाच्या काही मोटारसायकलींबरोबर दोन काळ्या मुठीच्या किल्ल्या आणि एक लाल मुठीची किल्ली मिळते. काळ्या रोजच्या वापरासाठी. लाल केवळ नोंदीसाठी. प्रथम लाल किल्ली फिरवून काढावयाची आणि ठराविक सेकंदांच्या आत चिप असलेली नवी किल्ली घालून फिरवावयाची, म्हणजे यंत्र तिचा संकेत टिपून घेते. हे करताना बाकीच्या किल्ल्या लांब ठेवाव्यात, नाहीतर संकेतांची सरमिसळ होते. अशी फेरनोंद होताच काळ्या किल्ल्यांची पूर्वीची नोंद पुसली जाते. म्हणजे हरवलेली किल्ली कोणाच्या हाती लागली असली तरी तिने कुलूप उघडेल, पण इंजिन सुरू होणार नाही.

येथेच खरी मेख आहे. लाल किल्ली हरवली तरी काळ्या किल्लीने गाडी चालते, म्हणून मालक निर्धास्त राहतो. परंतु लाल किल्लीवाचून पुढे कोणतीही नवी नोंद होत नाही. काळ्या किल्ल्याही गेल्या, तर या पद्धतीच्या गाडीत इमोबिलायझर, संगणक आणि कुलूप हा सारा संच बदलावा लागतो.

भाच्याने ती लाल किल्ली पाहिलीच नव्हती. गाडीबरोबर आलेले कागद अक्कांनी, म्हणजे त्याच्या आईने, एका डब्यात ठेवले होते. त्यांच्या तळाशी ती निघाली. कुणा मुलाला खेळावयास द्यावी असे त्यांच्या मनात येऊन गेले होते! चिप असलेली नवी किल्ली मागविली, घरातली काळी किल्ली तिच्या जोडीने पुन्हा नोंदविली, आणि हरवलेल्या किल्लीची चिंता मिटली.

या साधनालाही मर्यादा आहेत. गाडी उचलून टेंपोत घालणाऱ्याला ते अडवू शकत नाही. म्हणून साखळी हवीच. जुनी गाडी घेताना मात्र कागदपत्रांइतक्याच काटेकोरपणे साऱ्या किल्ल्या मोजून घ्याव्यात. पूर्वीच्या मालकाकडे एखादी राहिली असण्याचा संभव वाटल्यास फेरनोंद करवावी. चोरीची भरपाई मागताना विमा कंपन्याही मूळच्या किल्ल्या दाखविण्यास सांगतात. आणि नोंदीची किल्ली असेल, तर तिला रोजच्या जुडग्यात न अडकविता घरातील महत्त्वाच्या कागदांत ठेवावे.