मामंजींची बंदूक आणि विम्याचा कागद

खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची आपली रीत. सोलापूरकडच्या जुन्या वाड्यांतून विळा, कोयता, अडकित्ता यांच्या शेजारी अजूनही कधीकधी एखादी दुनळी बंदूक हळदकुंकू लावून ठेवलेली दिसते. अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार आपण मुलाबाळांना घेऊन कौतुकानं पाहतो. पण आपल्याच कपाटात उभ्या असलेल्या बंदुकीचे कागद कुठं आहेत, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक असतं?

आमच्या वन्संच्या घरचीच गोष्ट सांगते. त्यांचे सासरे मंगळवेढ्याकडे शेतावर राहायचे. रानडुकरांसाठी घेतलेली त्यांची बंदूक, रीतसर परवान्याची. पंच्याहत्तरी झाली तेव्हा खंडेनवमीच्या दिवशी त्यांनी ती मुलाच्या हाती दिली. “आता ही तुझी,” म्हणाले. नारळ फुटला, पेढे वाटले, बंदूक सोलापूरला आली. कागद मात्र कुणी केला नाही. घरच्या घरी कसला आलाय कागद!

पुढं दोन वर्षांनी मंडळी पंढरपूरला गेली असताना घर फुटलं. चांदीची भांडी गेली, दागिने गेले आणि बंदूकही गेली. विमा होता. दागिन्यांची यादी पॉलिसीला जोडलेली होती, त्यांचे पैसे मिळाले. बंदुकीचं नाव यादीत नव्हतंच. शिवाय परवाना सासऱ्यांच्या नावावर, मग नुकसान कुणाचं म्हणायचं? विम्याचं नियमच असा, की ज्या वस्तूत आपला कायदेशीर हितसंबंध, तिचाच विमा. पैशांचं एक वेळ सोडा. “परवाना नसताना बंदूक तुमच्या कपाटात कशी?” या प्रश्नाला उत्तर देता देता यजमानांचे जबाब, हेलपाटे आणि वकील यांत वर्ष गेलं. वन्सं म्हणतात, “दागिने गेल्याचं दुःख महिन्यात विसरले, त्या वर्षभर मात्र मला झोप नव्हती.”

मैत्रिणींनो, इतर भेटी हातात दिल्या की आपल्या होतात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानं जंगम वस्तूंचं दान ताबा देऊनही पुरं होतं. बंदुकीला हे पुरत नाही. तिला १९५९ चा शस्त्र कायदा लागतो आणि परवान्याशिवाय बंदूक बाळगणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे, मग ती वडिलांनी प्रेमानं दिलेली का असेना.

तेव्हा करायचं काय?

पहिलं काम परवान्याचं. सोलापूर शहरात राहणाऱ्यांनी पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसांची सोय आहे. परवानाधारक वारल्यावर वारसाला, किंवा त्याचं वय ७० झालं अथवा बंदूक बाळगून २५ वर्षं झाली, की त्यानं नेमलेल्या वारसाला परवाना मागता येतो. आणि हो, वारस म्हणजे मुलगाच असं नाही, मुलगीही! कुणाला बंदूक विकायची किंवा द्यायची तर आधी लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. ही मर्यादा २०१९ च्या दुरुस्तीपासून वारशानं आलेल्यांनाही आहे. परवाना होईपर्यंत बंदूक घरात ठेवू नये. पोलीस ठाण्यात जमा करावी आणि पावती घ्यावी.

दुसरं काम घरच्या फाइलीचं. तिच्यात परवान्याची प्रत, बंदुकीवरचा नंबर, बनावट, मूळ खरेदीची पावती, देणाऱ्याचं सही-तारखेचं पत्र, दोन्ही बाजूंचे फोटो आणि परवानाधारक विक्रेत्याकडून लिहून घेतलेली किंमत, एवढं असावं. निवडणुकीत बंदूक जमा केली तर तीही पावती लावावी. फाइलीची एक प्रत माहेरी किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. चोरानं फाइल नेली तर पंचाईत!

तिसरं काम विम्याचं. एप्रिल २०२१ पासून निघालेली ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी मुख्यतः आग, पूर, भूकंप अशा आपत्तींसाठी आहे. चोरीची भरपाई तिच्यात अशा आपत्तीमुळे आणि त्यानंतर ७ दिवसांत चोरी झाली तरच. साध्या घरफोडीसाठी वेगळा विमा लागतो. तो घेताना “बंदूक धरली आहे का, किती किमतीला?” हे लेखी विचारा आणि यादीत नंबरासकट नाव घाला. एजंटाच्या तोंडी ‘हो’वर विसंबू नका. काडतुसांचं वेगळं विचारा. स्फोटक पदार्थ सहसा वगळलेले असतात. आणि बंदूक गेलीच, तर आधी पोलिसांत फिर्याद द्यायची, मग विमा कंपनीला कळवायचं. दोन्ही त्याच दिवशी.

घराच्या किल्ल्या आपल्या कमरेला असतात, तशी कपाटात काय आहे आणि कुणाच्या नावावर आहे याची खबरही आपल्यालाच हवी. येत्या खंडेनवमीला बंदुकीला गंध लावाल, तेव्हा शेजारी परवानाही ठेवा. त्यावरची तारीख बघितली की मगच नारळ फोडा!