अंगणातला स्पीकर पावसाळ्यात का बसतो? लावण्याआधी एवढं समजून घ्या

माढा : उन्हाळ्यात हौसेनं ओसरीवर स्पीकर लावला जातो. सकाळी भक्तिगीतं, धारा काढताना रेडिओ, संध्याकाळी हरिपाठ असं छान चालू असतं. मग वळवाचे दोन पाऊस होतात, आवाजात खरखर सुरू होते आणि दिवाळीपर्यंत स्पीकर अडगळीत जातो. दोष पावसाला दिला जातो. पण नीट बसवलेला स्पीकर पावसात बरीच वर्षं टिकतो. चूक बहुतेक वेळा जागेत, वायरीच्या जोडात आणि कनेक्शनमध्ये असते. कनेक्शनमधली चूक तर जिवावर बेतू शकते.

आधी ऊन, मग पाणी

माढा तालुका पर्जन्यछायेत येतो. पाऊस मोजकाच, पण पडतो तेव्हा वाऱ्यासह आडवा झोडपतो. त्याआधी एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. या उन्हानं स्पीकरचं प्लास्टिक ठिसूळ होतं, कडेच्या रबराला भेगा पडतात, जोडावरच्या टेपचा गोंद वितळतो. जूनमध्ये पाणी शिरतं ते याच फटींतून. म्हणून पावसाइतकंच, किंबहुना आधी, उन्हापासून स्पीकर वाचवायला हवा.

कोणता स्पीकर घ्यावा?

घरातल्या टीव्हीचे किंवा जुन्या होम थिएटरचे स्पीकर बाहेर टांगू नयेत. त्यातल्या अनेकांचा पडदा कागदी असतो. तो ओल धरतो, फुगतो आणि आवाज फाटतो. बाहेरसाठी प्लास्टिकचा पडदा, रबरी कडा आणि न गंजणारी जाळी असलेला स्पीकर घ्यावा.

खोक्यावर ‘आयपी’ आणि पुढे दोन आकडे असतात, ते जरूर बघा. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ६५ म्हणजे आत धूळ जात नाही आणि पाण्याची धार सोसते. आयपी ६७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास पडला तरी चालतो. आयपीएक्स ४ म्हणजे फक्त शिंतोडे सोसतो, धुळीची चाचणी झालेली नाही. पक्क्या छताखाली आयपी ५४ पुरतो, उघड्यावर मात्र ६५ च्या खाली जाऊ नये. ब्लूटूथ स्पीकरच्या बाबतीत चार्जिंगचं रबरी झाकण घट्ट बसलेलं असेल, तरच हे आकडे खरे.

भोंगा लांबवर बोलणं पोहोचवण्यासाठी असतो. गाणी त्यातून चिरकी ऐकू येतात आणि अंगणाला एवढ्या आवाजाची गरजही नसते.

जागा कुठली?

पावसाळी वारं आपल्याकडे पश्चिम आणि नैऋत्येकडून येतं, दुपारचं कडक ऊनही पश्चिमेचंच. त्यामुळे शक्यतो पूर्वेची किंवा उत्तरेची भिंत निवडावी. स्पीकर छताच्या किंवा पत्र्याच्या कडेपासून निदान फूटभर आत असावा. पागोळ्यांचं पाणी थेट अंगावर पडू नये.

उंची सात-आठ फूट ठेवावी आणि तोंड थोडं खाली झुकवावं. आवाज बसलेल्या माणसांपर्यंत येतो आणि जाळीवर पाणी साचत नाही. स्पीकर थेट पत्र्याला ठोकू नका. उन्हात पत्रा भाजतो आणि गाणं लागलं की तोही झणझणतो. जुन्या माळवदी घराच्या दगड-मातीच्या भिंतीत स्क्रूची गुल्ली धरत नाही. तिथं लाकडी खांबाला किंवा तुळईलाच क्लॅम्प बसवावा.

वायर आणि जोड

स्पीकर घेताना दोन-तीन हजार घालायचे आणि वायर मात्र हलकी आणायची, हे बरेचदा होतं. वायर लांब आणि बारीक असेल तर ताकद वायरीतच खर्च होते. उदाहरणार्थ, ८ ओहमचा स्पीकर ॲम्प्लिफायरपासून ३० मीटरवर आहे आणि तांब्याची वायर १ चौरस मिलिमीटरची आहे, तर स्पीकरची ताकद साधारण पाचव्या हिश्शानं घटते. तीच वायर २.५ ची घेतली तर घट दहाव्या हिश्शावर येते. ओसरीपर्यंतच्या आठ-दहा मीटरला १.५ ची वायर पुरते.

जोड शक्यतो घराबाहेर नकोच. करावाच लागला तर वायर झाळून, त्यावर गरम केल्यावर आवळणारी नळी चढवून, झाकणाच्या डबीत बंद करावा. नुसती काळी टेप एक उन्हाळा काढत नाही. वायर पीव्हीसी पाइपातून न्यावी, म्हणजे ऊन आणि उंदीर दोन्हींपासून वाचते.

आणखी एक सोपी युक्ती. वायर भिंतीच्या भोकात किंवा स्पीकरमध्ये शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा. वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी थेंब होऊन गळतं, आत जात नाही. भिंतीचं भोकही बाहेरच्या बाजूला उतरतं पाडावं आणि सिलिकॉननं बुजवावं.

एकाच तोंडाला ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ॲम्प्लिफायरवर ४ ओहमचा भार येतो. ॲम्प्लिफायरवर ४ ओहम चालेल असं लिहिलेलं असेल तरच असं करावं, नाहीतर तो तापून जळतो.

२३० व्होल्ट अंगणात नको

स्पीकर भिजला तर पैसे जातात, लाइटची वायर भिजली तर माणूस जातो. म्हणून ॲम्प्लिफायर घरातच, कोरड्या जागी ठेवावा आणि बाहेर फक्त स्पीकरची वायर आणावी. अंगणात एक्स्टेंशन बोर्ड ओढून त्यावर सेट लावणं बंदच करायला हवं. घराला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावं आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. करंट माणसाच्या अंगातून जमिनीत जाऊ लागला, तर हा स्विच क्षणात लाइट तोडतो.

मंदिरावर किंवा ग्रामपंचायतीवर लांबच्या भोंग्यांसाठी १०० व्होल्टची लाइन वापरतात. मोठ्या आवाजात त्या तारांनाही झटका बसतो, तेव्हा सेट चालू असताना त्यांना हात लावू नये.

स्पीकरची वायर महावितरणच्या खांबाला बांधू नका, कपडे वाळत घालायच्या तारेवरून नेऊ नका. विजेच्या तारांजवळ लोखंडी पाइप उभा करून त्यावर स्पीकर चढवणं तर मुळीच नको.

वीज कडाडायला लागली की बटण बंद करून भागत नाही. ॲम्प्लिफायरची पिनही काढा आणि बाहेरून आलेली स्पीकरची वायरही सोडवा. मात्र हे ढग जवळ येण्याआधीच करावं, डोक्यावर कडकडाट चालू असताना वायरीला हात लावू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपास वीज पडण्याची सूचना देतं. ते मोबाइलमध्ये असलेलं बरं.

पिशवी बांधू नका

पावसाळ्यात स्पीकरला प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली की आतली ओल आतच कोंडते आणि गंज लवकर चढतो. त्यापेक्षा वर पत्र्याची छोटी छपरी करा, नाहीतर चार महिने स्पीकर काढून घरात ठेवा. जाळीमागे गांधीलमाशा घर करतात, म्हणून मृग लागण्याआधी एकदा उघडून पुसून घ्यावा.

स्पीकर भिजलाच, तर चालू करून बघण्याची घाई नको. वायर सोडवून, तोंड खाली करून दोन-तीन दिवस सावलीत, वाऱ्यावर ठेवा. कडक उन्हात ठेवल्यास पडदा वाकडा होतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराचं पाणी तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांत शिरलं होतं. अशा गावांत ॲम्प्लिफायर आणि बोर्ड उंचावर असावेत. पाणी लागलेला बोर्ड किंवा सेट वायरमननं तपासल्याशिवाय चालू करू नये.

आवाज आपल्या अंगणापुरता

ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. घरच्या स्पीकरचा आवाज आपल्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त असता कामा नये. साधा हिशोब असा, की अंगणात दोघांना नेहमीच्या आवाजात बोलता आलं पाहिजे. शेजारी कुणी आजारी असतं, कुणाच्या मुलाची परीक्षा असते. आणि पुराच्या दिवसांत ग्रामपंचायतीनं भोंग्यावरून दिलेला इशारा आपल्या गाण्यामुळे कुणाला ऐकू आला नाही, असं होऊ नये.

सध्या स्पीकर लावलेला असेल तर आजच तीन गोष्टी बघा. बाहेरच्या जोडावर नुसती टेप आहे का, वायरीला झोळ आहे का आणि अंगणात २३० व्होल्टचा बोर्ड आलेला आहे का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल, तर पहिलं काम तेच.