पुराबरोबर वाळू परत येते? कुठून?

संगमनेरात प्रवरेच्या वाळूचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं : “काढली तर काढली, पूर आला की परत येते!” पारावर ऐकावं, लग्नाच्या पंगतीत ऐकावं, वाळूवाल्यांकडून तर ऐकावंच. चांगली शिकलेली माणसंही हे छातीठोकपणे सांगतात, तेव्हा नकाशा उघडून दाखवावासा वाटतो.

संगमनेरला पाणी येतं कुठून? प्रवरेवर वर भंडारदरा धरण आहे, १९२६ साली पूर्ण झालेलं. त्याखाली निळवंडे. आढळा नदी देवठाणला अडवली आहे, म्हाळुंगी भोजापूरला. पाण्याच्या तळाशी घरंगळत येणारी जाड वाळू जलाशयात पोचली की तिथेच बसते. धरणातून आवर्तन सुटतं तेव्हा पाणी येतं, वाळू नाही. धरणांच्या खालचे ओढेनाले थोडीफार आणतात, पण सह्याद्रीचा बेसॉल्ट झिजून मुख्यतः काळी चिकणमाती होते. वाळूचा वाटा कमी. नेवाशाजवळ याच प्रवरेकाठी पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांना वाळू-गोट्यांच्या थरांत अश्मयुगीन हत्यारं सापडली होती. हे थर साठायला किती काळ लागतो, याचा अंदाज त्यावरून करावा.

“पण आम्ही डोळ्यांनी पाहिलंय, खड्डा भरतो!” भरतो ना. पुराचं पाणी खड्ड्याच्या वरच्या कडेला कातरतं आणि वरच्या गावाच्या पात्रातली वाळू खाली ओढून आणतं. शिवाय काठ ढासळतो, त्याची माती येते. म्हणजे वाळू नव्याने आली नाही, शेजाऱ्याची सरकली. वर्षानुवर्षं हेच चाललं की सगळं पात्र खाली जातं, पुलांचे पाये उघडे पडतात आणि काठची शेतं नदीत जातात.

यात सर्वांत मोठं नुकसान दिसत नाही, कारण ते जमिनीखाली होतं. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, सुमारे २,८३० लिटर जागा. पाण्याने भरलेली वाळू आपल्या आकारमानाच्या साधारण वीस ते पंचवीस टक्के पाणी सोडते. हिशेब करा : ब्रासमागे साडेपाचशे ते सातशे लिटर पाणी साठवण्याची जागा ट्रॉलीत भरून जाते. पावसाळ्यात भरायची आणि उन्हाळ्यात काठच्या विहिरींना पाझरायची ती हीच जागा.

आता किरकोळ गैरसमज.

“नदी खोल झाली की पाणी जास्त साठतं.” उलट. पात्र खाली गेलं की काठच्या विहिरींचं पाणी नदीकडे निथळतं. धरणातला गाळ काढणं आणि नदीतली वाळू काढणं ही दोन वेगळी कामं आहेत.

“लिलाव घेतला की हवी तेवढी काढा.” नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार खटल्यात पाच हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली. पाण्याच्या पातळीखाली खणायला केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांचीही मनाई आहे.

“जगात वाळूला तोटा नाही.” संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ च्या अहवालानुसार जग दरवर्षी सुमारे पाच हजार कोटी टन वाळू-खडी वापरतं. वाळवंटातली वाळू वाऱ्याने घासून बारीक आणि गोल झालेली असते. काँक्रीटला ती सहसा चालत नाही.

“क्रशरची वाळू कच्ची.” आय. एस. ३८३ : २०१६ या भारतीय मानकात ती मान्य आहे. चाळणी आणि धुलाई नीट हवी, एवढंच.

घर बांधू नका असं कोणी म्हणत नाही. पण वाळूचे पैसे एकदाच मिळतात, तेही थोड्यांना. विहीर खोल करण्याचा खर्च मात्र काठच्या प्रत्येक शेतकऱ्याला पुन्हा पुन्हा करावा लागतो, आणि तो ब्रासच्या भावात कुठेच धरलेला नसतो.