‘म्हण ना’ म्हणण्याआधी

देवास आणि धारच्या पवारांबरोबर अठराव्या शतकात मराठी माळव्यात आली आणि तिथलीच झाली. आजही त्या मुलखातल्या मराठी घरात आजी मराठीत बोलते, आई-बाबा मराठी-हिंदी मिसळून, शेजारपाजारचे माळवीत. देवास जिल्ह्याच्या डोंगराळ दक्षिण भागात, उदयनगरकडे गेलं तर निमाडी आणि भिलांच्या बोलीही कानावर पडतात. अशा घरातलं मूल दोन वर्षांचं झालं तरी चार-पाच शब्दांपुढे सरकत नसेल, तर पहिला ठपका भाषांवर बसतो. ‘इतक्या भाषांनी पोर गोंधळलंय, आता घरात फक्त हिंदी बोला.’ हा सल्ला बऱ्याचदा शिकलेली माणसंच देतात, म्हणून तो जास्त नुकसान करतो.

दोन किंवा तीन भाषा ऐकल्यामुळे मूल उशिरा बोलत नाही. दोन भाषांत वाढणारी मुलं पहिला शब्द आणि पहिली दोन शब्दांची जोडणी साधारण त्याच वयात करतात, ज्या वयात एका भाषेतली मुलं करतात. फसगत होते ती मोजण्यात. मूल ‘चिऊ’ आणि ‘मंमं’ आजीकडून उचलतं, ‘गाडी’ आणि ‘बस’ रस्त्यावर, ‘दीदी’ शेजारी. एकाच भाषेतले शब्द मोजले तर हिशेब तोकडा दिसतो, सगळ्या भाषांचे मिळून मोजले की खरा आकडा कळतो. आणि मराठी बंद केली तर काय होतं? दिवसभर मुलाजवळ असणारी आजी गप्प होते, किंवा तिला न येणाऱ्या हिंदीत तुटक बोलू लागते. ज्या मुलाला जास्त बोलणं ऐकायची गरज आहे, त्याच्याभोवतीचं बोलणंच आपण कमी करून टाकतो.

‘मुलगे उशिराच बोलतात. त्याचा बापही चार वर्षांनी बोलला.’

यात खऱ्याचा अंश आहे, म्हणूनच हे वाक्य इतकं टिकलं. ऑस्ट्रेलियात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दोन वर्षांच्या मुलांपैकी सुमारे १३ टक्के मुलं बोलण्यात मागे होती, आणि मुलग्यांना हा धोका मुलींच्या जवळजवळ तिप्पट होता. घरात कुणी उशिरा बोललेलं असणं हेही एक कारण दिसलं. पण याचा अर्थ ‘थांबा’ असा होत नाही. धोका जास्त असलेल्याकडे आधी लक्ष द्यायचं असतं. उशिरा बोलणाऱ्या मुलांपैकी बरीचशी तीन-चार वर्षांपर्यंत बरोबरीला येतात हे खरं आहे. मात्र दोन वर्षांचं मूल बघून ते कोणत्या गटात जाणार, हे आजी सांगू शकत नाही आणि बालरोगतज्ज्ञही खात्रीने सांगू शकत नाही. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत पन्नासेक शब्द आणि ‘बाबा ये’, ‘अजून दूध’ अशी दोन शब्दांची जोडणी, हा अभ्यासकांचा जुना मापदंड आहे. त्याच्या बरंच खाली असणाऱ्या मुलाला चौथ्या वर्षापर्यंत तसंच सोडणं म्हणजे शिकण्याचा सर्वांत चांगला काळ हातचा घालवणं.

‘ऐकू येतं त्याला, थाळी वाजवली की वळतो.’

थाळीच्या खणखणाटाला वळणारं मूल बोलण्यातले बारीक आवाज ऐकतंच असं नाही. ‘स’, ‘श’, ‘फ’ हे आवाज थाळीपेक्षा कितीतरी हलके असतात. वारंवार सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तरी ऐकणं कमी-जास्त होत राहतं, आणि घरच्यांना वाटतं पोर मनाला येईल तेव्हाच लक्ष देतं. म्हणून बोलणं उशिरा असेल तर पहिली तपासणी कानाची. मूल झोपलेलं असतानाही करता येणाऱ्या ओएई आणि बेरा या चाचण्या आहेत, त्यात मुलाने काही सांगायची गरज नसते. हे टाळून केलेला बाकी कुठलाही उपाय अंधारातला आहे.

‘जीभ जड आहे, वेखंड लावा.’

जिभेखालचा पडदा घट्ट असेल तर तान्ह्याला दूध ओढायला त्रास होऊ शकतो, पुढे काही उच्चार अवघड जाऊ शकतात. पण त्यामुळे शब्दच येत नाहीत असं होत नाही. वेखंड उगाळून जिभेला लावल्याने वाचा फुटते याला पुरावा नाही. उलट वेखंडात असारोन नावाचं अपायकारक द्रव्य असतं, आणि अमेरिकेत १९६८ पासून खाद्यपदार्थांत वेखंड घालायला बंदी आहे. शिट्ट्या वाजवणं, फुंकर मारणं हे खेळ म्हणून छान, पण त्यांनी बोलणं येत नाही. बोलणं बोलण्यातूनच येतं.

‘मोबाइलवर गाणी लावून देतो, त्यातून शिकेल.’

पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली केलेला प्रयोग प्रत्येक आईबापाने ऐकावा असा आहे. इंग्रजी घरांतली नऊ महिन्यांची बाळं घेतली. काहींशी चिनी भाषा बोलणारी माणसं बारा वेळा समोर बसून खेळली, बोलली. काहींना तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. समोर माणूस असलेली बाळं चिनी भाषेतले आवाज ओळखायला शिकली. पडद्यासमोरची बाळं काहीच शिकली नाहीत. पडदा मुलाच्या हुंकाराला उत्तर देत नाही, मूल कुठे बघतंय हे त्याला कळत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२१ साली स्पष्ट सांगितलं की दोन वर्षांखाली पडदा नकोच, दूरच्या नातलगांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालेल.

‘म्हण पाणी. म्हण ना. म्हटल्याशिवाय देणार नाही.’

माझ्या मते सगळ्यांत खोलवरचा गैरसमज हा आहे, कारण तो प्रेमापोटी होतो. पाहुणे आले की मुलाला मध्ये उभं करून ‘म्हण काका, म्हण मावशी’ सुरू होतं. मूल तोंड फिरवतं, आईचा पदर धरतं. मग ‘हट्टी आहे’ असा शिक्का बसतो.

शब्दाची नक्कल ही नकलांमधली सर्वांत अवघड नक्कल आहे. स्वतःचे ओठ-जीभ मुलाला दिसत नाहीत. श्वास, आवाज, ओठ, जीभ हे सगळं क्षणार्धात जुळवावं लागतं. जे मूल आपण टाळी वाजवली की टाळी वाजवत नाही, त्याच्याकडून ‘पाणी’ची अपेक्षा करणं म्हणजे खालच्या पायऱ्या काढून घेऊन माडीवर चढायला सांगणं.

नक्कल जन्मजातच येते, असं पूर्वी मानलं जाई. मेल्टझॉफ आणि मूर यांनी १९७७ साली दाखवलं होतं की काही आठवड्यांचं बाळसुद्धा समोरच्याने जीभ काढली की जीभ काढतं. पण २०१६ साली ऑस्ट्रेलियात १०६ बाळांवर हेच तपासलं, तेव्हा तशी नक्कल दिसली नाही. मग नक्कल येते कुठून? मला पटणारं उत्तर असं, की सुरुवात मोठी माणसं करतात. बाळ ‘आऽ’ करतं, आई ‘आऽ’ करते, बाळ पुन्हा बघतं. गोल्डस्टीन आणि श्वेड यांनी २००८ साली दाखवलं की साडेनऊ महिन्यांच्या बाळांच्या आवाजाला आईने लगेच उत्तर दिलं, की बाळांचे पुढचे आवाज आईच्या आवाजाच्या घडणीकडे झुकतात. तेच बोलणं बाळाच्या आवाजाशी वेळ न जुळता कानावर पडलं तर हा बदल होत नाही.

म्हणून ज्याला बोलतं करायचं त्याची नक्कल आधी आपण करायची. त्याच्यासमोर जमिनीवर बसा. तो वाटी आपटतोय? दुसरी वाटी घ्या आणि आपटा. तो थांबेल, तुमच्याकडे बघेल, पुन्हा आपटेल आणि या वेळी तुमच्याकडे बघतच आपटेल. इथे पाळी सुरू झाली, आणि संभाषणही पाळीपाळीनेच चालतं. काही दिवस एवढंच करा. मग वाटी डोक्यावर ठेवून बघा, तो ठेवतो का. मग हातांचे हावभाव: टाटा, जय-जय, ‘संपलं’ म्हणून पसरलेले तळवे. तळहातावर मोर बसवण्याचा आजीचा खेळ इथे फार कामाचा, कारण त्यात तेच शब्द, तेच हात, त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा येतात. मग तोंडाचे चाळे, फुगवलेले गाल. मग शब्द नसलेले आवाज: ट्रॅक्टरची घरघर, गाईचं हम्मा, काही पडलं की ‘धप्प’. याच्यानंतर शब्द.

शब्दसुद्धा मागायचा नाही, द्यायचा. तो पेल्याकडे हात करतोय तर ‘हे काय आहे?’ असं विचारू नका. ‘पाणी’ म्हणा, पेला पुढे करा आणि थांबा, मनात दहापर्यंत मोजा. आपण थांबत नाही, हीच अडचण असते. तो काही बोलला नाही तरी पाणी द्या, ‘पाणी’ पुन्हा म्हणून. ‘पा’ म्हणाला तर चुकलं म्हणून दुरुस्त करू नका, ‘पाणी, गार पाणी’ म्हणा.

मुलाची नक्कल करून त्याला नक्कल शिकवण्याची एक पद्धत अमेरिकेत ब्रूक इंगरसोल यांनी आखली. २००६ साली त्यांनी पाच स्वमग्न मुलांवर ती वापरली, तेव्हा नकलेबरोबर त्यांची भाषाही वाढली. पाच ही संख्या लहान आहे, हे लक्षात ठेवूनच ते वाचायचं.

‘बोबडं बोलू नका, सवय लागेल.’

भूभू, माऊ, मंमं, भुर्र यांची लाज वाटायचं कारण नाही. अशोक केळकरांनी १९६४ साली मराठीतल्या या बाळबोलीवर स्वतंत्र निबंध लिहिला, आणि त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतल्या बाळबोलीची तुलना केली, त्यात मराठी होती. पुन्हा पुन्हा येणारे, ओठांवर सहज जुळणारे आवाज जगभर बाळांसाठी निवडले जातात. एडिंबरा विद्यापीठाच्या २०१८च्या अभ्यासात, असे जोडआवाजी शब्द जास्त ऐकणाऱ्या बाळांचा शब्दसंग्रह पुढच्या महिन्यांत जास्त वेगाने वाढलेला दिसला. खुणांचंही तसंच. बोट दाखवणारं मूल बोलायला आळशी होत नाही, बोट दाखवणं ही शब्दाची आधीची पायरी आहे.

‘दवाखान्यात नेलं की शिक्का बसतो.’

वर्षाचं मूल बडबडत नसेल, बोट दाखवत नसेल, टाटा करत नसेल. सोळा महिन्यांना एकही शब्द नसेल. नावाने हाक मारली तर वळत नसेल. किंवा आलेले शब्द कुठल्याही वयात गेले असतील, तर घरचे खेळ चालू ठेवा पण शिक्क्याच्या भीतीने तपासणी लांबवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरमधून सुरू झाला, आणि आज त्याची पथकं अंगणवाडीत येऊन मुलांची वाढ तपासतात. शंका असलेल्या मुलाला जिल्हा पातळीवरच्या केंद्राकडे पाठवतात. उदयनगरच्या माणसासाठी ही वाट अंगणवाडीताईपासूनच सुरू होते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३पासून वाणी आणि श्रवणाचं काम करते, आणि मध्य प्रदेशातल्या कुटुंबांना तिच्या अखत्यारीतलं भोपाळचं केंद्र जवळ पडतं.

जाताना मुलाचे सगळ्या भाषांतले शब्द, आवाज आणि खुणा कागदावर लिहून न्या. वाचातज्ज्ञ मुलाबरोबर बसले की बाहेर बाकावर थांबू नका, आत बसू द्या म्हणून सांगा. ते कसे थांबतात, कधी बोलतात, कधी नुसते बघतात हे नीट पाहा. आठवड्यातला तो तासभर त्यांचा असतो, बाकीचे सगळे तास घरच्यांचे.