कोलेस्टेरॉलची गोळी आणि विसराळूपणाची धास्ती

माथेरानला खासगी मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढे रुग्णाला घाट उतरवून नेरळ-कर्जत गाठायचं, तर प्रत्येक क्षण मोलाचा. म्हणून कोलेस्टेरॉल कमी करून हृदयविकाराचा झटका टाळायला मदत करणारी स्टॅटिनची गोळी इथे अधिकच महत्त्वाची ठरते. तरीही ‘या गोळीनं विसरायला होतं’ या भीतीनं अनेक जण ती परस्पर बंद करतात. मेंदूला कोलेस्टेरॉल लागतं हे खरं. पण ते तो स्वतःच तयार करतो, रक्तातल्या साठ्यावर अवलंबून राहत नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रॉस्पर’ चाचणीत सत्तरी ओलांडलेल्या ५,८०४ जणांपैकी निम्म्यांना प्रॅव्हास्टॅटिन, निम्म्यांना औषध नसलेली गोळी दिली. सुमारे तीन वर्षांनंतरही स्मरणशक्तीत फरक आढळला नाही.

मग अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१२ मध्ये माहितीपत्रकात इशारा का घालायला लावला? कारण काही रुग्णांनी तशा तक्रारी नोंदवल्या होत्या, आणि त्या खोट्या मानू नयेत. पण हा त्रास सहसा गंभीर नसतो, गोळी थांबवल्यावर जातो, असंही त्याच प्रशासनानं सांगितलं. विसरण्यामागे थायरॉईड, बी-१२ची कमतरता, अपुरी झोप, नैराश्यही असू शकतं. उलट पक्षाघातानं स्मृती खरोखर जाऊ शकते, आणि स्टॅटिन तोच धोका कमी करतं. शंका आली, तर डॉक्टरांना जरूर विचारा. गोळी मात्र स्वतःहून सोडू नका.