टॅलीला तीनच तारखा का चालतात?

नाशिकच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: क्लासात शिकवतात ते टॅली फुकट असतं, पण त्यात १, २ आणि ३१ याच तारखांच्या नोंदी का होतात?

बाकीच्या तारखा मुद्दाम बंद केल्यात म्हणून. परवाना न घेता टॅली उघडलं की ते ‘एज्युकेशनल मोड’मध्ये चालतं. लेजर, व्हाउचर, जीएसटी, ताळेबंद, सगळं जिथल्या तिथे. १७ तारीख टाकली की मात्र ते अडून बसतं. मग सरांनी १७ तारखेची खरेदी सांगितली तरी पोरं ती बिनदिक्कत १ तारखेला टाकतात, आणि महिनाअखेरचा ताळेबंद जुळतोच! (व्याज किंवा थकबाकीचे दिवस मोजायचे झाले की पंचाईत.) लासलगावच्या कांदा व्यापाऱ्याला ही पळवाट नाही. लिलाव १७ तारखेचा तर नोंदही १७ चीच हवी. शिकणाऱ्याचं फारसं अडू नये आणि धंदेवाल्याचं आठवडाभरही भागू नये, अशी नेमकी जागा ज्याने हेरली त्याच्या डोक्याला दाद द्यावी लागेल.

गंमत म्हणजे प्रोग्राम तोच, अडवणुकीचा कोड तेवढा वरून लिहावा लागतो. लंगडी आवृत्ती करायला काम जास्तच! १९९० मध्ये आयबीएमने ‘लेझरप्रिंटर ई’ हा स्वस्त प्रिंटर काढला. महागडा मिनिटाला १० पानं छापायचा, हा ५. यंत्र जवळपास तेच, फक्त छापताना मध्येमध्ये उगाच थांबायची आज्ञा त्याला दिलेली. डेनेकेरे आणि मॅकाफी या अर्थतज्ज्ञांनी १९९६ मध्ये अशा मालावर ‘डॅमेज्ड गुड्स’ नावाचा निबंधच लिहिला.

माझ्या मते पहिला मान मात्र झ्यूल द्यूपुईचा. हा फ्रेंच इंजिनिअर रस्ते-पुलांच्या खात्यातला. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना रेल्वे कंपन्या छप्पर का घालत नाहीत, याचं उत्तर त्याने १८४९ मध्येच देऊन ठेवलं. छपराचा खर्च फार नव्हता. भीती वेगळीच होती: तिसरा वर्ग बरा झाला तर दुसऱ्या वर्गाचं भाडं परवडणारेही त्यातच जाऊन बसतील. म्हणजे गरिबाला भिजवायचं, ते खिशात पैसे असलेल्याला धाक बसावा म्हणून. इतकं रोखठोक निरीक्षण करणाऱ्या या माणसाचं नाव अर्थशास्त्राबाहेर क्वचितच कानावर येतं.

टॅलीचा डबा त्या मानाने बराच उदार. तरी ‘मोफत’ म्हणजे दानधर्म असं समजू नये. क्लास संपवून ही मुलगी नोकरीला लागली की तिचा हात टॅलीवरच बसलेला असणार. दुकानात दुसरं काही असलं तर ती कुरकुरेल, आणि परवान्याचे पैसे शेवटी मालक भरेल.