फुप्फुस-परिफुप्फुसशोथ, गुरांतील सांसर्गिक : संसर्गमार्ग व तीव्रता

सूक्ष्मजंतू शरीरात कोणत्या मार्गाने शिरतात, यावर रोगाचे स्वरूप व तीव्रता पुष्कळ अंशी अवलंबून असते. गुरांच्या सांसर्गिक फुप्फुस-परिफुप्फुसशोथात (फुप्फुसे व त्यांवरील आवरण यांना येणाऱ्या दाहयुक्त सुजेत) हे विशेष स्पष्टपणे दिसून येते. मायकोप्लाझ्मा मायकॉइडिस या कोशिकाभित्ती नसलेल्या सूक्ष्मजंतूमुळे हा रोग होतो. एदमाँ नॉकार, एमील रू व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९८ मध्ये या जंतूचे प्रथम संवर्धन केले.

नैसर्गिक संसर्ग श्वसनमार्गाने होतो. रोगी जनावराच्या खोकल्यातून उडणारे तुषार जवळच्या जनावराच्या श्वासाबरोबर आत जातात. ताप, खोकला व धाप ही लक्षणे दिसतात. फुप्फुसाचा छेद संगमरवरासारखा दिसतो व छातीच्या पोकळीत अनेक लिटर द्रव साचतो. पुष्कळ जनावरे दगावतात. बऱ्या झालेल्या काहींच्या फुप्फुसांत मृत ऊतकाच्या आवरणयुक्त गाठी राहतात व त्यांत जंतू दीर्घकाळ जिवंत असतात.

तेच जंतू त्वचेखाली टोचल्यास फुप्फुसांचा विकार सहसा होत नाही. मात्र टोचण्याची जागा महत्त्वाची असते. मान व पोळी येथील सैल ऊतकांत सूज झपाट्याने पसरते व जनावर मरूही शकते. शेपटीच्या टोकाकडील ऊतक घट्ट व तुलनेने थंड असल्याने तेथील सूज बहुधा मर्यादित राहते आणि जनावरास प्रतिरक्षा (रोगप्रतिकारक्षमता) प्राप्त होते. बेल्जियममधील हॅसेल्ट येथील वैद्य लूई विलेम्स यांनी १८५२ मध्ये रोगी फुप्फुसातील द्रव शेपटीच्या टोकाशी टोचण्याची पद्धती प्रसिद्ध केली. जंतूचा शोध लागण्यापूर्वीच ती इतर देशांतही पसरली. पश्चिम आफ्रिकेतील पशुपालक रोगी फुप्फुसाचा तुकडा गुरांच्या नाकाडाच्या त्वचेखाली बसवीत.

विलेम्स पद्धतीत जंतू क्षीण केलेले नसत. त्यामुळे काही जनावरांची शेपटी सडून गळे, तर काही मरत. पुढे कोंबडीच्या भ्रूणात ४४ वेळा संक्रमित करून क्षीण केलेल्या टी १/४४ या वाणाची लस प्रचारात आली. तीही त्वचेखालीच टोचतात. तथापि तिनेही क्वचित तीव्र सूज येते.

लसीने रोगाला आळा बसला, तरी निर्मूलनासाठी रोगी जनावरे हुडकून मारणे व गुरांच्या हालचालींवर निर्बंध घालणे आवश्यक ठरले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतून १८९२ मध्ये रोगाचे उच्चाटन झाले. ऑस्ट्रेलिया १९७३ मध्ये रोगमुक्त घोषित झाला. जागतिक पशुस्वास्थ्य संघटनेने भारताला २००७ मध्ये रोगमुक्त म्हणून मान्यता दिली.